खिळ्याला घातलेली माळ

३ ऑगस्ट
ह्यांचे डोळे पिवळे. सकाळी म्हटलं तर म्हणे, "बल्बचा उजेड हाय." उन्हात आणून बघितलं. पिवळेच. तरी दुकानात गेले, जळक्या मोटारींचं वाइंडिंग अडलंय म्हणे.

५ ऑगस्ट
थोरल्या जाऊबाई, आमच्या आक्का, चारठाण्याच्या पुढच्या वस्तीवरून काविळीची माळ घेऊन आल्या. हिरव्या काड्यांचे बारके तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवलेले. ह्यांच्या डोक्यावर बसवली. माळ आपोआप वाढत गळ्यात येणार, मग पोटावर, पायांतून निघाली की कावीळ गेली. मी आठवीला विज्ञान शिकवते, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडं बघायले. खरं तर ती वाढते कशी, हे मलाच बघायचं होतं.
स्वयंपाकात हळद बंद. पांढरं वरण.

८ ऑगस्ट
माळ गळ्यात! कुणी हात लावला नाही, मी नजर ठेवून होते. हे खूश. रक्त तपासू म्हटलं तर, "उतरायलीय की. कशाला टोचून घेऊ?"
पण डोळे जास्तच पिवळे. दुखत नाही, ताप नाही. खाज मात्र लय, भिंतीला पाठ घासतात. काविळीत खाज का? पुस्तकात काविळीला चार ओळी: दूषित पाणी, उकळून प्या. खाजेचं नाव नाही. आणि पाणी दोघं एकाच माठातलं पितो. मग मला का नाही?

९ ऑगस्ट
आक्कांकडून दुसरी माळ मागवली. "आता कुणाला?" "मला बी पिवळं दिसायलंय," ठोकून दिलं. कपाटामागं खिळ्याला अडकवली.

१३ ऑगस्ट
खिळ्याची माळ वीतभर लांबली! एक गाठ सोडवून बघितली. काडी ओली असते तोवर फास घट्ट. सुकून बारीक झाली की ढिला पडतो, दोरा सुटतो. एवढंच. कणकेच्या हातानं नाचायची बाकी होते. मग ह्यांचा उतरलेला चेहरा दिसला आणि सगळा आनंद जिरला.
ह्यांना दाखवली. सुटलेली गाठ बोटानं ओढून बघितली. "म्हंजे खिळ्याला बी कावीळ झालती म्हण की." हसले.
मी म्हटलं, "तुमी मोटार न उघडता सांगता का, काय जळलंय ते?"
जेवताना खाली बघत म्हणाले, "संडास पांढरी व्हायलीय. मातीवानी. तुला बोललो न्हाई."
माळ स्वतःच काढून ठेवली.

१४ ऑगस्ट
परभणी. डॉ. म्हणाले, "मॅडम, कावीळ हा रोग नाही, खूण आहे. कशाची, ते शोधायचं."
लिव्हर बिघडलं तरी कावीळ, रक्तपेशी भराभर फुटल्या तरी कावीळ, पित्ताची नळी तुंबली तरी कावीळ. नळी तुंबली की पित्त आतड्यात पोचत नाही, म्हणून संडास पांढरी. उलटं रक्तात चढतं, म्हणून लघवी गडद, अंगाला खाज. सगळं जुळलं! मी प्रश्नावर प्रश्न, डॉ. चित्र काढून दाखवायले. शेवटी हे म्हणाले, "शाळा सुटली असंल तर पेशंट मी हाय."
सोनोग्राफी: नळी फुगलीय. कशानं अडलीय ते दिसत नाही. खडा किंवा गाठ. खडा असेल तर दुर्बिणीनं निघतो. गाठ असेल तर... डॉ. स्कॅनची चिठ्ठी लिहायला लागले, मीही विचारलं नाही.
मोठा स्कॅन नांदेडला, सोमवारी.

रविवार
आक्का सकाळपासून इथंच. "माळेपायी उशीर झाला का गं?" असं दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं. झाला का, मला खरंच माहीत नाही. त्यांच्यावर राग मात्र येत नाही.
हे बॅग भरायलेत, चिडचिड करत. मला भीती वाटतेय. विचारायला आता एकच प्रश्न उरलाय आणि तो कुणाला विचारावा वाटत नाही.
दिवा लावून आक्का देवापुढं बसल्या. "माझ्या दिराच्या पोटात खडा नसू दे रे बाबा."
मी त्यांचा हात धरला. "आक्का, असं नका मागू. खडाच असू दे म्हणा. खडा निघतो, गाठीचं काय सांगावं."
मग कळलं त्यांना. डोळे पुसले, पदर सावरला, पुन्हा हात जोडले.
दोघींनी मिळून खडा मागितला.