माझ्या भाषणात राहून गेलेलं

मुंबई, ८ मार्च १९६५

चि. इंदू हिस जानरावदादाचा सप्रेम जयभीम.

मी बरा आहे. खोकलाही पुष्कळ कमी झाला.

तुझ्या मालकांचं पत्र आलं. ते लिहितात, "भाऊ, जठारपेठेतलं तुमचं भाषण आयकून इंदूनं पोरीले आंगावर पाजनं सोडलं. पोरगी बकरीच्या दुधावर वाळून राहिली."

काही उंदरांत स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीचा विषाणू दुधातून पिलांत उतरतो, असं मी बोललो खरा. आपली आई तसल्याच गाठीनं गेली, म्हणून तू ते स्वतःला लावून घेतलंस. पुढचं मात्र टाळ्यांच्या नादात माझ्याकडून राहून गेलं. माणसात असं घडल्याचं कुणी दाखवलेलं नाही. उलट, पिढ्यानपिढ्या अंगात मुरलेल्या अशा विषाणूंपासूनच उद्या गाठीवर लस काढता येईल, अशी विद्वानांना आशा आहे.

मी ज्यांच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्या डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "बहिणीला सांगा, बिनघोर पाज."

दूध अजून येतं ना? कमी वाटलं तरी पाजत राहा.

भरसभेत बोललो, तेव्हा दुरुस्तीही भरसभेत करीन. पण तू सभेची वाट पाहू नकोस. हे पत्र खाली ठेव आणि पोरीला पदराखाली घे.

तुझा,
चुकलेला दादा