हाक काकांची, ओ आजीची

मु. पो. पाथर्डी तालुक्यातलं तुमचंच मूळ गाव

ती. रामहरीकाकांना,

जयाचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही मजेत. काकूंची कंबर आणि तुमचं मोटार-पार्टचं दुकान, दोन्ही नीट चालत असतील असं धरून चालते. (व्हॉट्सॲपवर तुम्ही अंगठा पाठवून मोकळे होता, म्हणून हा कागद. कंडक्टरच्या हाती देतेय.)

घरी बसून मी नेमकं काय करते, असं तुम्ही दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं. (नंतर आलाच नाहीत, म्हणून उत्तर राहिलं.) तर मी लायब्ररी बनवते, म्हणजे दुसऱ्यांच्या ॲपमध्ये बसवायचा तयार भाग. तुमच्या दुकानातल्या बेअरिंगसारखा तो कुठल्याही कंपनीच्या फोनात बसला पाहिजे, अँड्रॉइड असो की आयफोन. बोललेला निरोप तो जपून ठेवतो आणि रेंज आली की पाठवतो. आपली टोळी ऊस तोडायला गेली की घरचा आवाज तिला फडातही मिळावा, एवढीच खटपट.

त्यासाठी कामाची घडी बसवली. लॅपटॉपवर एक ओळ बदलली की फोनवरचं नमुना ॲप आपोआप नवं होतं, एक ठरलेलं वाक्य मोठ्यानं वाजवतं, तेच माइकमधून टिपतं आणि दोन्ही जुळले की हिरवी खूण येते. अँड्रॉइड म्हणून आजीचाच फोन घेतला. तो चुलीजवळच्या फळीवर असतो, कारण चार्जिंगचं बटण तिथंच; मी बसते बाहेर ओसरीवर, कानात इअरफोन घालून. आणि वाक्य म्हणून तुमचा जुना व्हॉइस मेसेज लावला, “आये, हायेस का घरात?” हाताशी होता म्हणून, बाकी काही हेतू नव्हता.

खूण लालच! तीन दिवस मी सगळा कोड उसवला, माइकला नावं ठेवली. शेवटी टिपलेला आवाज नीट ऐकला, तर तुमच्या मागोमाग आजी, “हाय की रं! ये आत, च्या टाकते.” दारातून हाक आली आणि ओ दिली नाही, असं आपल्या दगडाबाई आजीच्या जन्मात घडलेलं नाही. मी दिवसाला चाळीसदा सेव्ह करते, म्हणजे चाळीसदा तिनं तुम्हाला आत बोलावलं. दोनदा खरंच चहा टाकला. (तो मी प्यायले. वाया कशाला घालवायचा?)

समजावलं, तर म्हणाली, “फोन हाय ते कळतंय मला. पर हाक रामहरीची हाय ना!” मग तुमचं वाक्य काढून “एक, दोन, तीन” लावलं. तिनं “चार” म्हटलं. आता फोन गोठ्यात ठेवलाय. म्हैस कुणाला ओ देत नाही, त्यामुळे खूण हिरवीगार. टोळी दसऱ्यानंतर निघेल, तोवर काम होतंय. एकूण मी खूश आहे.

काकूंना आणि मोनिकाताईला नमस्कार.

तुमची,
जया

ता. क. : आयफोनवरची चाचणी राहिलीय. मोनिकाताईनं तुम्हाला घेऊन दिलेला आयफोन घेऊन रविवारी या. तुमचं मिरजगाव काही परमुलखात नाही.

ता. क. दुसरा : खोटं कशाला बोलू? आयफोन शेजारच्या श्रीमंतदादाचा मिळाला, चाचणी परवाच झाली. तुम्ही मात्र याच. फोन गोठ्यात गेल्यापासून आजी रोज विचारते, “आज रामहरीनं हाक न्हाई मारली?” मी सांगून बसलेय, काका रविवारी दारातूनच हाक मारणार आहेत.