शांताच्या नाकावरचा अंगठा

८ एप्रिल
ऊन चढलं. शांताच्या मेणाच्या चेहऱ्याची हनुवटी जरा उतरलीय. भोवती ओली फडकी लावली. ती असताना, समोर बसवून केलेला हा एकच. बाकी चौकाचौकांतले माझे पुतळे, सगळे फोटोवरून.

१० एप्रिल
पुण्याहून मुलीचा फोन. "बाबा, आईला ब्राँझमध्ये ओता ना. वितळून जाईल ती." म्हणायला काय जातं. ओतायचं म्हणजे वर माती लिंपून भट्टीत घालायचं. मेण वाहून जाणार, त्या पोकळीत धातू. बिघडलं की दोन्ही गेलं. त्यासाठी आधी रबराचा साचा घेऊन ठेवायचा असतो. पण नाकावर तिच्या अंगठ्याचा ठसा आहे. "माझं नाक येवढं मोठं न्हाई," म्हणत तिनंच दाबलेलं. रबर सोलताना तो जाईल म्हणून...

१७ एप्रिल
अंगणातल्या लोखंडाला वेल्डिंग. जुने फाळ, वखराची पास, मोटरसायकलची साखळी. वळत वळत वर जाणारं काहीतरी.
शेजारचे शेषराव: "हे काय बनवून राहिले?"
"आकार."
"कशाचा?"
शां. नं कधी विचारलं नाही. ती त्यावर लुगडी वाळत घालायची. मी चिडायचो. आता चिडायलाही कोणी नाही घरात.

२ मे
नाक उतरायला लागलं. जवळा बाजार गावाहून बर्फ आणला, येईस्तोवर अर्धं पाणी. माझंच मला हसू आलं. ओतायचं.

४ मे
लिंपायला घेतलं. पहिला हात शेण आणि गाळलेल्या मातीचा, पातळ. नाक शेवटपर्यंत उघडं ठेवलं. मग तेही झाकलं.

९ मे
भट्टी. मेण वाहून तसराळ्यात उतरलं. वितळलेल्या धातूची मूस धरायला शेषराव होते. ओतताना धातू एकदा भसकन उसळला.
"बराबर गेलं का आत?"
माहीत नाही. हवा अडकली असेल तर नाक गेलंच.

११ मे
मातीचा साचा गार. शेषराव दोनदा डोकावून गेले. "फोडा की. काहून थांबून राहिले?"
उद्या, म्हटलं.

१५ मे
मुलीनं फोटो मागितला. साचा अजून गरम आहे, असं सांगितलं. फार एकटं वाटतंय, हे नाही सांगितलं.
शां. चं हिरवं लुगडं धुऊन अंगणातल्या लोखंडावर वाळत घातलं. साचा तिथंच, खाली सावलीत आहे, न फोडलेला. तसराळ्यातलं मेण थिजलंय. त्यावर अंगठा दाबून पाहिला. माझाच उमटला.