खरबुजांच्या शेतातली लाँच

धरणाच्या काठावरून,
८ मार्च १९८७

प्रिय सौ. सुमन हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

भाड्याच्या घरातून हाकलल्या गेलेल्या समस्त बंधुभगिनींनो! म्हणजे तू आणि मी. आपल्या दोघांचं गाऱ्हाणं एकच. अठ्ठ्याहत्तर साली मी मानवतच्या चौकात विद्यापीठाच्या नामांतरासाठी एक भाषण केलं आणि त्यानंतर आपल्याला तीन घरं सोडावी लागली. घरमालक मोठे सभ्य होते. नामांतराबद्दल एकानंही चकार शब्द काढला नाही. एकाला मुलाचं लग्न करायचं होतं, दुसऱ्याला माडी चढवायची होती, आणि तिसऱ्याची तर म्हैस आजारी होती. म्हणून निवृत्तीनंतर मी धरणावरची ही जुनी लाँच लिलावात घेतली. पाण्याला घरमालक नसतो, असं मी तेव्हा म्हणालो होतो. तू हसली नव्हतीस.

चार वर्षं आपण पुस्तकांच्या पेट्या घेऊन काठाकाठानं गावं फिरलो. आता तळाच्या फळ्या कुजल्या, म्हणून बैलजोड्या लावून लाँच वर ओढली. तू परभणीला विमलकडे गेलीस आणि मी ओंडक्यांवर उभ्या असलेल्या घरात शिडीनं चढउतार करतो आहे. खाली नागनाथ सुतार फळ्यांच्या सांध्यांत कापूस कोंबून वरून डांबर भरतो. मी वर तोंड धुतलं की पाणी थेट त्याच्या मानेवर. काल त्यानं सुचवलं की गुरुजी, भाषणाआधी टाळ्या मागून घेता, तशी चूळ भरण्याआधी एक हाक देत चला.

जाताना तू बजावून गेलीस की अक्षय तृतीयेपर्यंत लाँच पाण्यात नसेल तर परभणीत बिऱ्हाड करायचं. तुझा शब्द मी विसरलेलो नाही. पण हे पाणी मागे मागे चाललं आहे. ओढली तेव्हा ते शिडीपाशी होतं, आता मला ते पाहायला टपावर चढावं लागतं. मधल्या उघड्या गाळात कुणी नांगर घातल्यासारखं दिसतं. म्हणून मी धरणाच्या कचेरीत अर्ज टाकला आहे, की लाँचमालकाचा पाण्याकडे जायचा रस्ता मोकळा करून द्यावा. चांगला तीन पानी आहे. दुसऱ्या पानावर तर मलाच भरून आलं.

विमलला आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ जमिनीवर राहून आटू देऊ नकोस.

तुझा,
दिनकर

*

परभणी,
१९ मार्च १९८७

ती. स्वरूप गुरुजी यांचे चरणी,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. विमलनं मोठ्यानं वाचलं आणि जावई जेवता जेवता हसले. इथं नळ एक दिवसाआड येतो, तरी रात्री अंथरूण हलत नाही याचं मला अजून नवल वाटतं. पहिले दोन दिवस तर मी झोपेत हातानं कठडा शोधत होते.

विमलच्या गल्लीत दोन खोल्या रिकाम्या आहेत. ओसरी आहे, तुळस आहे, शेजारी कुसुमबाई म्हणून बोलक्या बाई आहेत. घरमालक आबासाहेब मला म्हणाले की गुरुजींचं नाव आम्ही ऐकून आहोत, माणूस विद्वान आहे, फक्त ओसरीवर सभा नको आणि बोलायचं ते घरात, दार लोटून. मी म्हटलं, विचार करून सांगते. खरं सांगू का, मला त्या अटीचा राग यायला पाहिजे होता. पण मी ओसरीकडेच बघत होते. गुडघे दुखतात हो. चार वर्षं मी डुलत्या चुलीवर भाकरी भाजली, कधी बोलले नाही. तुम्ही बोलत होता, म्हणून राहून गेलं.

तुमच्या अर्जाची नक्कल पाठवू नका. ऐकायला मी तिथं नाही, ती शिक्षा आता त्या कचेरीला. मात्र तो गाळ कुणी नांगरला ते आधी बघा. माझं माहेर तिथंच बुडालं आहे हे विसरू नका. माझ्या भावाला भेटलात का? नदीकाठच्या मळ्याचा मोबदला किसनला काय मिळाला, ते तुम्हीच भाषणात सांगत असता.

उन्हात टोपी घालावी. माया आहे तशी ठेवावी, ही विनंती.

आपली,
सुमन

*

३ एप्रिल १९८७

ती. दाजी यांस,
किसनरावाचा सा. न. वि. वि.

आपलं गाव आन् तुमची लाँच यांच्यामधी हाकेचं अंतर हाय, तरी चिठ्ठी धाडायलोय. समोर आलो तर तुमी बोलाल आन् मी ऐकून माघारी यीन. आजवर तसंच झालं.

मागल्या दिवाळीत देवळापुढं तुमी भाषण केलं. म्हणले, ज्याची जमीन पाण्यात गेली, पाणी हटल्यावर त्या गाळावर पहिला हक्क त्याचा. म्हणले, परवानगीची वाट बघत बसाल तर नातू म्हातारे होतील. लय टाळ्या पडल्या. मीच पहिली वाजवली. तवा आमी सात घरांनी अवंदा गाळपेर केली. तुमच्या लाँचीपासून पाण्यापोत्तर सगळी खरबुजं हायेत. येल पसरलेत, फळ धरायलंय. दुष्काळाचं साल, दुसरं रानात काईच न्हाई.

काल कचेरीचा शिपाई आला. पंधरा दिवसांत पीक काढा, न्हाई तर टॅक्टर फिरवू, म्हणून नोटीस. वीस वरसांत कचेरी येवढी तुरतुर कधी चालली न्हाई. कारण लिवलंय की लाँचमालक दिनकरराव गुरुजी यांच्या अर्जावरून रस्ता मोकळा करायचा हाय.

आमच्यात दोन मतं झाली. शेजारचा सिताराम म्हणतो, हे आपलेच दाजी. मी म्हणलं न्हाई, त्या नावाचा दुसरा कुणी कचेरीचा माणूस असंल, आपले दाजी तर गाळ आपला म्हणणारे. खरं काय ते तुमीच कळवा. आक्काला ह्यातलं काई लिवलं न्हाई.

लहानावर लोभ असू द्या, आन् टॅक्टरवर बी जरा नजर असू द्या.

आपला,
किसन

*

धरणाच्या काठावरून,
१० एप्रिल १९८७

प्रिय सौ. सुमन हिस,
आशीर्वाद वि. वि.

किसनची चिठ्ठी सोबत पाठवतो. ती वाचल्यावर पुढचं वाच.

मी त्याला भेटलो. दुसरा दिनकरराव कुणी नाही, एवढंच सांगितलं. त्यानं एक पाट आणून टाकला, बसा म्हणाला आणि वेलांना पाणी घालायला निघून गेला. मी भाषण केलं नाही.

मग कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी उठून माझं स्वागत केलं. म्हणाले, इतकी सुंदर मराठी या कचेरीत आजवर आली नव्हती. दुसरं पान त्यांनी सगळ्या कारकुनांना वाचून दाखवलं होतं. आयुष्यभर मी सरकारला उद्देशून बोललो. सरकारनं ऐकलं ते हे एकदाच.

अर्ज मागे घेतो म्हटलं, तर साहेब हळहळले. म्हणाले, रस्ता नको म्हणजे लाँच पाण्यात घालायची नाही, आणि घालायची नाही तर परवाना कशाला? लाँच चालवण्याचा परवाना कायमचा सोडून द्या, नोटीस त्याच दिवशी रद्द करतो. बुधवारी, पंधरा तारखेला, सही करायला बोलावलं आहे. नोटिशीची मुदत त्यानंतर दोन दिवसांनी संपते.

मी सही करणार आहे. सात घरांचं पीक माझ्या सुंदर मराठीखाली चिरडून मी पाण्यावर जाऊ शकत नाही. आबासाहेबांना होकार कळव. दार लोटून बोलेन. खरं तर बोलण्यासारखं फारसं उरलेलं नाही. नागनाथनं काम संपवलं. तळ इतका पक्का झाला आहे की आता एक थेंब आत यायचा नाही. नागनाथ म्हणतो, पाणी भेटलं तर.

जसा आहे तसा मला सांभाळून घे.

तुझा,
दिनकर

*

परभणी,
१३ एप्रिल १९८७

ती. स्वरूप गुरुजी यांस,
सा. न. वि. वि.

टपालावर भरवसा नाही, म्हणून हे पत्र कंडक्टर भुजंगराव यांच्या हाती देते आहे. वाचून होईपर्यंत पेन खिशातून काढू नका.

तुम्ही, साहेब आणि किसन, तिघंही शहाणे. पाण्याकडे जायचा रस्ता कुणाला हवा आहे? खरबुजं जेठापर्यंत निघतात. मग गाळ रिकामा. पाऊस झाला की धरण भरतं आणि पाणी त्याच शेतावरून चालत येऊन लाँचीला लागतं. मागची चार वर्षं ते कुठवर येतं ते आपण टपावर बसून पाहिलं. लाँचीनं कुठं जायचंच नाही. तिनं फक्त थांबायचं आहे. ना रस्ता लागतो, ना ट्रॅक्टर, ना परवाना सोडायला. अक्षय तृतीयेची घाई तेवढी होती, आणि तो मुहूर्त मी काढला होता. मीच तो मोडते.

पाऊस आला नाही तर? तर आपण आणि किसन एकाच काठावर कोरडे बसू. त्याला हाकलून मात्र बसणार नाही.

आबासाहेबांना मी काल नाही म्हणून आले. ओसरी फार चांगली आहे. बाहेर पडताना वाईटही वाटलं. पण किसनची चिठ्ठी वाचल्यावर तुम्ही दार लोटून हळू आवाजात पश्चात्ताप करणार, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढं आलं. ते मला रोज ऐकायचं नाही. त्यापेक्षा चौकातलं परवडलं. गुडघ्यांना मी तेल घेतलं आहे. शिडीला दोन्हीकडून कठडा मात्र नागनाथकडून करून घ्या.

कडूबाई वहिनीला मी निरोप धाडला आहे. ती किसनची बायको असली तरी त्याच्यासारखी चिठ्ठ्या लिहीत बसणारी नाही. सातही घरच्या बायका बुधवारी सकाळच्या गाडीनं कचेरीवर येत आहेत. मी इथून परस्पर येते. साहेबांना हे सगळं मी समजावून सांगणार आहे, साध्या मराठीत, आणि लाँच पाणी येईपर्यंत हलणार नाही असं अर्धं पान लिहून देणार आहे. त्याखाली सही तुमची, कारण लाँच तुमच्या नावावर आहे. नोटीस रद्द झाल्याचा कागद हातात पडल्याशिवाय आम्ही उठणार नाही.

आमच्यावरची माया तुम्ही एकदा तरी न बोलता दाखवा. बुधवारी कचेरीत या, बायकांच्या मागं बसा, आणि मी सांगेपर्यंत तोंड उघडू नका.

आपली,
सुमन