बटणांचा डबा

ता. ९ जानेवारी

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि., आणि या खेपेला विनंतीपेक्षा विशेषच जास्त आहे.

फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मी बेंबीच्या देठापासून ओरडायचं, तू भलतंच उत्तर द्यायचं आणि आमच्या गल्लीने फुकटात करमणूक करून घ्यायची. म्हणून पत्र. सोबतच्या पुडक्यात माझा जुना मोबाइल आहे. घाबरू नकोस, चावत नाही.

दुकान बंद असतं त्या वारी दुपारी मी हल्ली म्हाताऱ्यांची शाळा चालवतो. दुरुस्तीला आलेली शिलाई मशीनं बाजूला सारून चार खुर्च्या टाकतो. एक रिटायर बस ड्रायव्हर येतात, ते काचेवर बोट असं दाबतात की जणू ब्रेक लागला नाही तर गाडी दरीत जाईल. एक पोस्टमन आजोबा आहेत. जन्मभर लोकांची पत्रं पोचवली, आता ओळखीच्या सगळ्यांना सकाळचा नमस्कार पोचवतात आणि तो संपेपर्यंत दुपार होते. त्यांना शिकवताना वाटलं, आपल्या ताईनेच काय घोडं मारलंय? हे सगळं बघायचं नि वाचायचं काम. याला कान लागतच नाहीत.

आता खरी गोष्ट. फेसबुकवर माझ्या दुकानाच्या नावाचं खातं आहे आणि तुझ्या ढब्बूने त्याला मित्र करून घेतलं आहे. तो तिथे फोटो टाकत असतो. हॉस्पिटलातले सोबती, खोली, स्वतः रांधलेलं काहीबाही. त्याचं नाव घरात काढायचं नाही अशी भाऊजींनी तंबी दिल्यापासून तू लेकाचं तोंड पाहिलेलं नाहीस. शिंप्याच्या मुलाने कात्री सोडून नर्स व्हावं, परक्यांची अंगं पुसावीत, हे त्यांना सोसलं नाही. ते त्यांचं त्यांच्यापाशी. पण आईला बघायला कुणाची चिठ्ठी लागते?

या फोनवर तेच खातं उघडून दिलं आहे. बाकी सगळ्यांची कटकट बंद करून फक्त ढब्बूची सूचना चालू ठेवली आहे. त्याने काही टाकलं की घंटेच्या चित्राजवळ लाल ठिपका येईल. ठिपक्यावर टिचकी मारायची, फोटो बघायचा, बोटाने वर सरकवायचं. संपलं. खाली लिहायची जागा दिसेल, तिकडे फिरकायचं नाही. अंगठा, बदाम, काही दाबायचं नाही. दुकानातलं काचेचं कपाट समज: बघा, हात लावू नका. भाऊजींना कळलं तर फोन जाईलच, वर मीही तुमच्या उंबऱ्याला पारखा होईन.

लोभ आहेच. वाढवलास तर ठेवायला जागा करतो.
तुझा धाकटा,
खटपट्या


ता. २ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि एक धपाटा. फोन सुरू करायला कडेचं बटण दाबायचं असतं हे तू लिहिलंच नव्हतंस. दोन दिवस मी काळ्या काचेत माझंच तोंड बघत होते.

मग दिसला रे. दूध उतू गेलं, गॅस विझला, मला पत्ता नाही. ढब्बू कसला, वाळून काटकी झाला आहे. हॉस्पिटलच्या फाटकाशी उभा होता आणि अंगात तो राखी कोट. ह्यांनी त्याला बेतलेला शेवटचा कोट. मी खिशाच्या झाकणाच्या काजावरून ओळखला. ते काज माझं, जरा तिरकं आलं होतं आणि ह्यांनी मला त्यावरून ऐकवलं होतं, तेव्हा ऐकू येत होतं मला. जाताना अंगावर घालून गेला तो अजून वापरतो. खांद्यावर हात टाकलेली ती हसरी मुलगी कोण, ते काढ शोधून.

फोन मी बटणांच्या डब्यात ठेवते. समोरच्या खोलीत, ह्यांच्या दुकानातल्या फळीवर. ह्यांचं कात्री-टेप, माझं काजं-बटणं. त्या डब्यात ह्यांचा हात कधी जात नाही. आमचं बोलणं तर तुला ठाऊकच आहे. कापडावर मारायच्या खडूने हे टेबलावर लिहितात: चहा. मी वाचते, पुसते, चहा ठेवते. असल्या चार-सहा शब्दांवर आमचा संसार चालला आहे. ह्यांना कसला संशय नाही. उलट देवाची करणी बघ, हे मधेच खडूने लिहितात: बटणं. मी डबा घेऊन आत येते आणि नेमका तेव्हाच लाल ठिपका आलेला असतो! असं एकदा नाही, पुष्कळदा झालं.

आणखी एक. रागवू नकोस. कालच्या फोटोत कोटाची बाही आखूड दिसली. गार वाऱ्यात मनगट उघडं. माझ्याने राहवलं नाही. खालच्या जागेत लिहिलं की बाही आखूड झाली आहे, आतून लोकरीचं काही घालत जा, पेशंट उचलताना कंबर सांभाळ आणि रात्रीचं शिळं खाऊ नकोस. काळजीचं कारण नाही, खाली माझं नाव घातलेलं नाही.

तुझी बायको कशी आहे? तिलाही आशीर्वाद, तुझ्यापेक्षा थोडे जास्त.
तुझी ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. आज वि. वि. लिहायला हात होत नाही.

नाव तू घातलं नाहीस, फोनने घातलं. त्या खात्यावरून जे जाईल ते माझ्या दुकानाच्या नावाने जातं. म्हणजे जगाला असं दिसलं की शिलाई मशीन दुरुस्त करणारा एक इसम एका तरण्या नर्सला शिळं खाऊ नकोस म्हणतो आहे. आमच्या शाळेत ड्रायव्हरसाहेबांनी ते मोठ्याने वाचलं आणि मी हल्ली कंबरा पण दुरुस्त करतो का, अशी चौकशी केली. मी हसलो. तेवढ्यात ढब्बूचा फोन आला.

त्याने दुसऱ्या ओळीलाच ओळखलं होतं. म्हणाला, मामा, लोकरीचं घाल असं जगात एकच माणूस म्हणतं. माझे कान तुला माहीत आहेत, मशीनची सुई वाकडी आहे की धोटा, हे मी रस्त्यावरून सांगतो. तो कोटाचं बटण नखाने टकटक वाजवत होता, ते मला स्पष्ट ऐकू आलं. विचारलं, बाबांना माहीत आहे का. मी म्हटलं, छे, फोन बटणांच्या डब्यात दडवलेला असतो. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. म्हणाला की मी काय चोरीचा माल आहे? माझं नाव घेत नाहीत ते मी सोसलं, पण आईने या वयात स्वतःच्या घरात चोरासारखं वागायचं, तेही माझ्यापायी, हे मला नको. लपवून बघायचं असेल तर तिला म्हणावं, बघूच नकोस.

आणि त्याने दुकानाला मित्रांमधून काढून टाकलं. आता त्याचं पान तुझ्याकडे उघडणार नाही, माझ्याकडेही नाही. मी उलट फोन करतो, तो उचलत नाही. तुला बजावलं होतं ग, हात लावू नकोस म्हणून. पण कपाटातलं माणूस काचेतून आपल्याकडेही बघतं, हे शाळा काढणाऱ्या मास्तरालाच सुचलं नाही.

माझ्यावरचा राग निघाला की चार ओळी धाड.
खटपट्या


ता. ३ मार्च

चि. खटपट्यास,
आशीर्वाद.

तुझ्यावर राग नाही. ठिपका येत नाही. रोज कडेचं बटण दाबते, घंटा तशीच कोरी. एकदा ह्यांनी घराबाहेर काढला तेव्हा मी दाराशी नुसती उभी होते, आणि आता वाटतं दुसऱ्यांदा मीच काढला. बाही आखूड राहिली असती तर काय आभाळ कोसळत होतं?

परवा ह्यांनी दोनदा लिहिलं: बटणं. काल पुन्हा. डबा उघडला, तर आत बटणंच.

फोन गुंडाळून ठेवला आहे, कुणी तिकडे येणारं भेटलं की पाठवते. पोस्टमन आजोबांना दे.

माया कमी झालेली नाही, शाई तेवढी संपत आली आहे.
ताई


ता. ८ मार्च

रा. रा. मेहुणे यांस,
स. न. वि. वि. मला पत्र लिहिता येत नाही, माप लिहिता येतं. तेव्हा थोडक्यात.

तुमचा फोन वाजतो. तुम्ही तो कानाने गेलेल्या बाईला दिलात, म्हणून त्याचा आवाज बंद करायचं तुम्हाला सुचलं नाही. ज्या दिवशी डब्यात आला त्याच दिवशी एका गिऱ्हाइकाची छाती मोजत होतो, तर डबा बटणांसकट खुळखुळला. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, मी डब्याकडे. ती आत शिवत बसलेली, तिला गंधवार्ता नाही. नंतर मी झाकण उघडलं. पुन्हा लावलं.

तुमची ताई माझ्यापासून एकच गोष्ट लपवील, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. पुढे तो जेव्हा वाजला तेव्हा मी बटणं मागितली. गिऱ्हाइकं हसायला लागली की म्हाताऱ्याच्या एका कोटाला बटणं लागतात तरी किती. ती डबा घेऊन आत जायची. परत यायची तेव्हा मी तिचं तोंड बघायचो. त्यावरून समजायचं, बरा आहे. मी स्वतः फोनमध्ये बघितलं नाही. नाव काढणार नाही हे मी माझ्याच तोंडाने बोललो होतो.

मग डबा वाजायचा थांबला. तिचं तोंड असं झालं की जेवणं नकोशी झाली. मी उगाच बटणं मागत राहिलो. काल ती फोन फडक्यात बांधत होती. मी टेबलावर लिहिलं: दाखव. तिने न वाचल्यासारखं केलं. मी काळं सूटचं कापड पसरलं आणि हातभर अक्षरात त्यावर लिहिलं. मग तिने सगळं सांगितलं. तिला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांनाही कळलं.

त्याला तुम्ही लिहा. फोन उचलत नसला तर पत्राने लिहा, तुमच्या घरात ती खोड आहे. मी नमलो वगैरे लिहू नका. एवढंच लिहा की आईने चोरी केली नाही. डबा वाजत होता आणि घरात ऐकणारा होता.

आणि बाही आखूड नाही. वाढत्या अंगाचा होता म्हणून आत दोन बोटं कापड दुमडून ठेवलं आहे. सोडलं की मनगट झाकेल. पण भलत्या शिंप्याकडे उसवायला देऊ नको म्हणावं. लोक टाका ओढतात, कापडाला भोकं राहतात.

फोन परत पाठवत नाही. डब्यातून काढून कापायच्या टेबलावर ठेवला आहे, खडूच्या शेजारी. अजून वाजलेला नाही.

लोभाचं खातं तुमच्या ताईकडे.
आपला,
भाऊजी