इंजिन कुठे जातंय?

टार्निट, ७ नोव्हेंबर २०२१

प्रिय अप्पा,

माफ करा. ऑगस्टपासून तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. माझी रोजची डायरीसुद्धा बंद आहे. मी डायरी घेऊन बसले की तुम्ही विचारायचात, "सूनबाई, आज माझी काय चहाडी केलीत?" आता चहाडी कोणाची करू? म्हणून वही उघडावीशीच वाटेना.

आज लिहितेय, कारण विमानं सुरू झाली. मंदार शुक्रवारी नाशिकला निघतोय, तुमच्या अस्थी घेऊन. त्याआधी आपल्या इंजिनाचं काय ते ठरायला हवं होतं. तुमच्या लेकाने मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी भांडी घासायला उठले.

तीन महिन्यांसाठी परदेशात, आमच्याकडे आला होतात तुम्ही! "तुम्ही पुढे व्हा, मावशीचं ऑपरेशन उरकलं की मी एप्रिलमध्ये येते," असं आईंनी तुम्हाला सांगितलं होतं. दोन हजार वीसचा तो एप्रिल काही उगवलाच नाही. त्या तिकडे, तुम्ही इकडे, आणि मधे बंद आकाश. विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म घालवलेल्या माणसाला रोज अंगणात उभं राहून रिकाम्या आभाळाकडे बघताना मी पाहिलंय. मला वाटायचं, काहीतरी बोलावं. मी चहाचा कप हातात देऊन आत यायचे.

मग एका रविवारी तुम्हीच म्हणालात, "मीनल, तू मेकॅनिकलवाली ना? का डेपोत बसून नुसती ट्रेनची वेळापत्रकं लावतेस?" राग आला होता मला, खरं सांगते. पण दुसऱ्याच आठवड्यात मी धातू कातायचा जुना छोटा लेथ शोधून आणला. आपल्या गॅरेजमधून गाडी बाहेर गेली आणि आपण दोघांनी घडवायचं विमानाचं छोटं रेडियल इंजिन आत आलं, मधल्या दांड्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे पाच सिलिंडर असलेलं.

आठवतं, पहिल्या दिवशी तुम्ही मला त्याची गोष्ट सांगितलीत? सुरुवातीची हवेवर गार होणारी इंजिनं जागेवर तापून बंद पडायची. मग कुणीतरी डोकं लढवलं, की क्रँक, म्हणजे मधला दांडा, स्थिर ठेवा आणि अख्खं इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरवा, म्हणजे आपोआप वारा लागेल. "आणि त्यात तेल कसलं, तर एरंडेल! सगळं उडून वैमानिकाच्या तोंडावर. खाली उतरला की बिचारा आधी कुठे पळत असेल, सांग!" इतकं हसलात, की मंदार मीटिंग म्यूट करून बघायला आला.

पण इंजिनं मोठी होत गेली, तसं एवढं वजन फिरवणं झेपेना. शेवटी माणसं परत स्थिर इंजिनाकडे आली. या वेळी त्यांनी सिलिंडरचं डोकं ॲल्युमिनियमचं केलं, त्यावर खोल, पातळ पापुद्रे काढले, आणि तेच इंजिन तासन् तास चालू लागलं. तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "बघ, गरगर फिरून कोणीही गार होईल. जागच्या जागी उभं राहून गार राहायला अक्कल लागते."

लॉकडाऊनच्या त्या दिवसांत आपल्याला घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची परवानगी नव्हती. "पाच सिलिंडर, पाच किलोमीटरची त्रिज्या. आपणसुद्धा रेडियलच की गं!" विनोद होता तो. पण तो तुम्ही माझ्यासाठी केला होतात की स्वतःसाठी? तेव्हाच विचारायला हवं होतं.

त्या पापुद्र्यांना तुम्ही जन्मभर 'फिन' म्हणत आलात. मी तुमच्याकडचा इंजिनाचा जुना फोटो बघून पटकन बोलून गेले, "अय्या, ह्या तर निऱ्या!" तुम्ही फोटो हातात घेऊन पुन्हा निरखलात. मला वाटलं, चुकलंच. मग म्हणालात, "ओव्हरहॉलच्या शॉपमध्ये अर्धं आयुष्य गेलं, हा शब्द एकालाही सुचला नाही. सगळे पुरुष ना!" त्या दिवसापासून आपल्या गॅरेजमध्ये निऱ्याच.

आणि त्याच शब्दाने माझी चूक पकडलीत! जास्त निऱ्या म्हणजे जास्त गार, असं माझं कॉलेजचं गणित. मी पहिला सिलिंडर अगदी दाट कातला. तुम्ही तो उजेडाकडे धरून फिरवलात. "मीनलबाई, इतक्या घट्ट निऱ्या नेसून चालता येतं का? वाऱ्याला पाऊल टाकायला जागा ठेव." मी तो बाजूला ठेवून नवा केला. तो घट्ट निऱ्यांचा सिलिंडर अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. त्यात मी पेनं ठेवते.

आता जरा भांडू द्या. जुलैअखेर इंजिन पुरं झालं होतं, तेल घातलं होतं, नुसता पेट्रोलचा थेंब आणि ठिणगी बाकी होती. मी म्हटलं, "अप्पा, लावू या?" तुम्ही शेजारच्या बंद खिडकीकडे बोट केलंत. हरप्रीत वॉर्डातली रात्रपाळी करून नुकती झोपली होती. "ती पोरगी रात्रभर पेशंटांजवळ उभी असते. झोपू दे. तिची सुट्टी आली की लावू. इंजिन कुठे जातंय?"

इंजिन कुठेच गेलं नाही, अप्पा! पुढच्याच आठवड्यात पहाटे झोपेत तुम्ही गेलात. अंत्यसंस्काराला दहाच माणसांना परवानगी होती. आईंनी सगळं फोनवर पाहिलं. मी फोन धरून उभी होते. हात हलू नये, एवढ्याच काळजीत मी तुम्हाला नीट नमस्कारसुद्धा केला नाही. ते अजून मनात आहे.

नंतर इंजिनावर चादर टाकली, ती टाकलीच. मंदारने विमान कंपनीला फोन केला तेव्हा खरा पेच कळला. कोरं इंजिन सामानातून नेता येईल, पण एकदा पेट्रोल पोटात गेलं की नाही. विमानाच्या इंजिनाला विमानात बंदी! तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात. म्हणजे नाशिकला पाठवायचं तर मुकं पाठवायचं, आणि चालू केलं तर ते कायमचं इथेच राहणार. तुम्हाला त्याचा आवाज ऐकायचा होता. आईंकडे तुमच्या हातचं काहीच नाही. मी कोणाचं ऐकू? आणि ठरवणारी मी कोण?

शेवटी आज आईंनाच फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे चालू केलंत तर मला मिळणार नाही?"

"नाही, आई. इथेच राहील."

त्यांनी उठून कुकरखालचा गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी ह्यांच्याकडून इंजिनं ऐकतेय. तोंडी! खरं एक तरी ऐकलंय का मी? मुकं आणून काय करू, त्यालाही हार घालू?"

मी बाहीने डोळे पुसले.

"रडू नकोस. आणि फोन नीट धर. मागे पंखा दाखवते म्हणालीस आणि तुमच्या छताचा पंखा दाखवलास!"

मी लगेच हरप्रीतकडे गेले. तिची सुट्टी बुधवारी आहे. तुम्ही तिच्यासाठी थांबला होतात, हे तिला माहीतच नव्हतं. "अंकलजी मेरी नींद के लिए रुके थे?" एवढंच म्हणाली आणि दारातच उभी राहिली.

तर अप्पा, बुधवारी. इथल्या दुपारी, म्हणजे तिकडे सकाळी आईंची पूजा आटोपलेली असेल. मी शब्द देते, घाई करणार नाही. तुम्ही बजावलं होतंत, "थांबलेलं इंजिन रिकामं दिसतं, पण तेल खालच्या सिलिंडरात उतरून बसलेलं असतं. एकदम स्टार्टर मारलास तर दांडा वाकेल. आधी पंखा हाताने फिरव. अडला तर जोर करू नकोस. खालचे प्लग काढ, साचलेलं गळू दे." तीन महिन्यांत माझ्याही तळाशी बरंच साचलंय. आज हे लिहिताना थोडं गळलं.

पहिल्या झटक्याला सुरू झालं नाही, तरी चिडणार नाही. आणि सुरू झालं, की फोन आधी आईंसाठी निऱ्यांजवळ धरीन. मग तो मंदारच्या हातात देऊन, राहिलेला नमस्कार करीन.

तुमची,
मीनल

उद्या: खालच्या दोन सिलिंडरांचे प्लग काढून पंखा हाताने, सावकाश फिरवणे.