गर्दीतून आरपार दसरू

४ नोव्हेंबर
आजपासून खोटं लिहायचं नाही.
कांता दसऱ्याला माहेरी, भावाकडे गेली. काल भाऊबीज झाली. म्हणजे आता येईलच.
शिशाची दोन अणुकेंद्रकं प्रचंड वेगात आदळली की क्षणभर विश्वाच्या सुरुवातीचा रस तयार होतो. जड क्वार्क नावाचा कण पहिल्याच फटक्यात जन्मतो, त्या रसातून आरपार जातो. बाहेर पडताना त्याची जी दशा, त्यावरून आतलं कळतं. हे मी मोटार रिवाइंडिंग करता करता स्वतः शिकलो. आमच्या वडशात दुसऱ्या कोणाला येत नाही. चौकशी केली आहे.

६ नोव्हेंबर
कांताच्या भावाच्या गावी मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं, नाटक आहे. मंडळाचा अध्यक्ष धनराज. त्याने दोन अंकांच्या मधे दहा मिनिटं दिली. म्हणे, घ्या भाऊ, तोवर पडदा बदलते, लोकं तसेही उठूनच जाते. सन्मान समजतो.
योजना: गर्दी म्हणजे रस. बारके पोट्टे हलके क्वार्क, ते अडकतील. राइस मिलचा हमाल दसरू, ११२ किलो (मिलच्या काट्यावर), जड क्वार्क. स्टेजपासून चहाच्या ठेल्यापर्यंत जाईल, परत येऊन आतलं सांगेल.
कांता नेहमी म्हणते, तुमचं ते कोणाले समजते? आता सगळ्यांना समजलेलं बघेल आणि सोबतच परत येईल. मेसेज केला.

१० नोव्हेंबर
गोदामात सराव. दसरू धानाच्या पोत्यांतून सरळ गेला. पोती पडली. उत्साहवर्धक.
कांताचं उत्तर नाही. तिकडे रेंज नसते.
दोन ताटं घासून ठेवली.

१४ नोव्हेंबर
काल कार्यक्रम झाला.
टक्कर दाखवायला झांजा वाजवल्या. लोकांना वाटलं डान्स आला. माईक बंद पडला. पोट्टे लगेच परतले, सिद्धांताच्या उलट. दसरू शिरला तो निघालाच नाही. पुढचा अंक सुरू झाला.
कांता पुढच्या रांगेत नव्हती. आलीच नसणार. काम असेल.

१५ नोव्हेंबर
दसरू मिलवर भेटला. काऊन परतला नाहीस, विचारलं. म्हणे, भाऊ, मधात वहिनी दिसल्या. बस इथी म्हणल्या. चिवडा देल्ला. बसलो.
गर्दी किती दाट होती? म्हणे, ध्यान नाई.
वहिनी काही बोलल्या? म्हणे, मी विचारलं ना, आमच्या भाऊसंग वडशाले जाता का उद्या. हसल्या. अजून चिवडा देल्ला.
निष्कर्ष: जड कण आतली खबर आणतो. पद्धत बरोबर आहे.
एक ताट फळीवर ठेवलं.